गोगलगाय मेली म्हणून कुणी रडतं का?



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण सगळ्यांनी शाळेत लिहिलाय आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो शेकडो वेळा तपासलाय. कुत्रा इमानदार असतो, गाय दूध देते, मांजर उंदीर पकडते. दहा ओळी, पाच गुण. आज त्याच निबंधाबद्दल लिहितोय, पण नमुना निबंध देण्यासाठी नाही. एका वहीवर मी लाल पेनानं मारलेल्या रेषेबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय.

गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली. लातूर जिल्ह्यातली आमची छोटी शाळा, दोन शिक्षक, चौथीपर्यंतचे वर्ग. चौथीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, "माझा आवडता प्राणी गोगलगाय आहे. तिचे नाव गोगी आहे. ती काचेच्या बरणीत राहते. तिला काकडी आवडते. ती माझ्याकडे शिंगे वर करून बघते."

मी खाली रेषा मारली आणि शेजारी शेरा दिला: 'गोगलगाय पाळीव प्राणी नाही. दुसरा प्राणी घेऊन पुन्हा लिही.'

तिनं पुन्हा लिहिलं नाही. चार दिवसांनी ती बरणीच घेऊन वर्गात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "सर, गोगी हालंना झालीय."

वर्ग हसला. एक पोरगा ओरडला, "आमच्या रानात चल, पोतंभर देतो!" पुन्हा हशा. आणि मी काय केलं असेल? मीही हसलो. म्हणालो, "अगं, गोगलगायीसाठी काय रडायचं? मधल्या सुट्टीत दुसरी शोधू."

ती म्हणाली, "ती गोगी नसंल ना, सर."

बघा, नऊ वर्षांच्या मुलीनं एका वाक्यात मला गप्प केलं. पुढं जे घडलं, त्यातून मी जे शिकलो ते तुमच्यापुढं ठेवतो. पटलं तर घ्या.

त्या वर्षी आमच्याकडं काय चाललं होतं?

आधी हे सांगायला हवं, नाहीतर वर्ग का हसला ते कळणार नाही. २०२२ च्या जून-जुलैत लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं अक्षरशः कुरतडून टाकली. संध्याकाळी हिरवं दिसणारं वावर सकाळी बोडकं. कितीतरी शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. नुकसान इतकं झालं की सरकारला त्यासाठी मदत जाहीर करावी लागली.

या मुलीचे वडील रोज रात्री बॅटरी आणि बादली घेऊन रानात जायचे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाच्या कडेनं टाकायची, पोत्याखाली गोगलगायी गोळा झाल्या की वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. बांधाला चुन्याची रेघ ओढायची. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी हेच चाललं होतं. म्हणजे ज्या गावात गोगलगाय हा शत्रू होता, त्या गावात ही मुलगी एका गोगलगायीसाठी रडत होती. आता सांगा, तुम्ही असता तर काय म्हणाला असता?

दुःख प्राण्याच्या आकारावरून मोजू नका

मुलाचा कुत्रा गेला तर आपण त्याला जवळ घेतो. पोपट गेला तर हळहळतो. मासा गेला तर 'नवीन आणू' म्हणतो आणि गोगलगाय गेली तर हसतो. जसजसा प्राणी लहान, तसतशी आपली सहानुभूती लहान. पण मुलाच्या बाजूनं बघा. त्या मुलीनं दीड महिना रोज बरणीतली माती ओली केली होती. अंड्याचं टरफल कुटून घातलं होतं, कारण शंख घट्ट राहायला गोगलगायीला चुना, म्हणजे कॅल्शियम लागतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. टरफलाचा तुकडा बरणीत पडला, तो गोगीनं खाल्ला, एवढं तिनं पाहिलं होतं. गोगीचे डोळे वरच्या दोन लांब शिंगांच्या टोकाला असतात आणि बोट लावलं की ती आत ओढून घेते, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं.

आपण पुस्तकात 'मृदुकाय प्राणी' शिकवतो आणि एका गुणाचा प्रश्न काढतो. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण लबाड माणसासाठी वापरतो. पण शास्त्रात गोगलगायीच्या वर्गाला उदरपाद म्हणतात, म्हणजे पोटच ज्याचा पाय आहे असा प्राणी. म्हणीतलं वर्णन खरं आहे, त्यात लबाडी काहीच नाही. हे त्या मुलीला बरणीच्या काचेतून दीड महिना दिसत होतं. एवढं निरीक्षण करणाऱ्या मुलीला मी 'दुसरा प्राणी घे' म्हणालो होतो.

आणि गोगलगायीच्या मृत्यूची दखल मोठी माणसंही घेतात बरं का. हवाई बेटांवर 'जॉर्ज' नावाची एक झाडावरची गोगलगाय प्रयोगशाळेत सांभाळली होती. तिच्या जातीची ती शेवटची ज्ञात गोगलगाय. १ जानेवारी २०१९ ला, साधारण १४ वर्षांची असताना ती गेली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी छापली. म्हणजे 'गोगलगायीसाठी काय रडायचं' हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही.

आधी खात्री करा: मेली की नुसती मिटून बसली?

हा भाग पालकांनी जरूर वाचावा. कोरडं पडलं किंवा ऊन वाढलं की गोगलगाय शंखात शिरते आणि तोंडाशी चिकट पदार्थाचा पातळ पडदा तयार करून आतून दार लावून घेते. अशी ती कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने राहू शकते. बघणाऱ्याला वाटतं, मेली.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला किस्सा प्रसिद्ध आहे. इजिप्तच्या वाळवंटातली एक गोगलगाय मेलेली समजून मार्च १८४६ मध्ये तिथं पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवली होती. १८५० च्या मार्चमध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की पुठ्ठ्यावर ताज्या पडद्याच्या खुणा दिसताहेत. तिला कोमट पाण्यात ठेवलं, तर ती बाहेर आली आणि चालायला लागली! चार वर्षं उपाशी.

मी हा किस्सा त्या दिवशी वर्गात सांगितला. हशा थांबला. मग आम्ही बरणी सावलीत ठेवली, मातीवर पाणी शिंपडलं, ताजी काकडी ठेवली आणि ठरवलं, उद्यापर्यंत वाट बघायची. पण मी मुलीला एक गोष्ट स्पष्ट सांगितली, "ती जिवंत असेलच असं मी म्हणत नाही. आपण फक्त बघणार आहोत."

दुसऱ्या दिवशी बरणी उघडली तेव्हा घाण वास आला. अंग शंखाबाहेर ढिलं पडलेलं, काडी लावली तरी आत जाईना. या खुणा दिसल्या की शंका उरत नाही. मुलीनं स्वतः वास घेतला आणि म्हणाली, "गेली." त्या वेळी वर्गात कुणी हसलं नाही.

माझं मत असं की हा एक दिवसाचा अवधी फार उपयोगी पडतो. गोगलगायीसाठी तर हवाच, पण मुलासाठी त्याहून जास्त. मृत्यू कुणी येऊन सांगितला नाही, तिनं स्वतः पाहून ओळखला.

गुपचूप दुसरी आणून ठेवू नका

खरं सांगू? माझ्या मनात हेच आलं होतं. रात्री त्याच आकाराची एक गोगलगाय आणून बरणीत सोडली असती तर प्रश्न मिटला असता. आमच्याकडं त्या वर्षी गोगलगायींना काय तोटा! बरेच पालक माशांच्या बाबतीत हे करतातही. हेतू चांगलाच असतो. पण मूल रोज निरखत असेल तर त्याला फरक कळतोच. शंखावरचा टवका कुठं होता, पट्टे कसे होते, हे त्याला पाठ असतं. मग ते दोन गोष्टी शिकतं. एक, जिवलगाची जागा लगेच दुसऱ्यानं भरता येते. दोन, मोठी माणसं अवघड वेळी खोटं बोलतात.

'झोपली', 'गावाला गेली' हेही नको. झोपलेला उठतो, गावाला गेलेला परत येतो. मूल वाट बघत राहतं, आणि काही मुलं झोपायलाच घाबरायला लागतात. 'मेली' हा शब्द कडू आहे, पण साफ आहे. 'देवाघरी गेली' असं घरच्या श्रद्धेप्रमाणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण त्याआधी 'मेली, आता परत येणार नाही' हे वाक्य येऊ द्या.

"माझ्यामुळं मेली का?"

हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं. काही तोंडानं विचारतात, काही मनातल्या मनात. आपण घाईनं म्हणतो, "छे छे, तुझ्यामुळं कसं?" आणि विषय संपवतो. पण मुलाला माहीत असतं की प्राणी त्याच्या ताब्यात होता.

तिनं मला विचारलं तेव्हा मी उलट विचारलं, "आदल्या दिवशी काय काय केलंस?" तेव्हा कळलं की पाऊस उघडला म्हणून तिनं बरणी खिडकीत ठेवली होती, 'गोगीला बाहेरचं दिसावं म्हणून'. घर पत्र्याचं. दुपारी ऊन पडलं. झाकण लावलेली काचेची बरणी उन्हात किती तापते ते तुम्हाला माहीतच आहे.

मी म्हणालो, "बहुतेक उन्हानं मेली असावी. तुला ते माहीत नव्हतं. तू तिला मारायला ठेवली नव्हतीस, दाखवायला ठेवली होतीस. चूक झाली, पण हा गुन्हा नाही."

ती खूप रडली. मला वाटलं, सांगितलं ते चुकलं की काय. पण थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं विचारलं, "मग सावलीत ठेवली असती तर?" म्हणजे तिचं डोकं काम करायला लागलं होतं. चूक आणि गुन्हा यातला फरक मोठ्यांनाही लवकर कळत नाही. तो शिकायला नववं वर्ष लवकर नाही, असं माझं मत आहे.

सगळ्याच मृत्यूंना कारण सापडत नाही, हेही सांगावं. फवारलेला पाला, मीठ, कोरडी हवा यांनी गोगलगाय मरते, तशी ती म्हातारी होऊनही मरते. कारण माहीत नसेल तर 'मला माहीत नाही' म्हणा. शिक्षकानं तसं म्हटल्यानं काही बिघडत नाही.

निरोप द्या, पण हात धुवा

शाळा सुटल्यावर लिंबाच्या झाडाखाली गोगीला पुरायचं ठरलं. इथं एक काळजी घ्या. शंखी गोगलगायीच्या अंगात उंदरांकडून आलेल्या कृमीची पिल्लं असू शकतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून जिवंत असो की मेलेली, उघड्या हातानं हाताळू नका, आणि नंतर साबणानं हात धुवा. आम्ही पिशवीत हात घालून तिला उचललं, चांगला हातभर खड्डा केला.

शोक करताना नियम कशाला, असं वाटेल. पण मुलांना हातात काहीतरी काम लागतं. कुणी खड्डा खणला, कुणी पाणी आणलं. आदल्या दिवशी 'पोतंभर देतो' म्हणणाऱ्या पोरानं तेरड्याची फुलं आणली. त्यानं माफी मागितली नाही आणि मीही मागायला लावली नाही. फुलं पुरेशी होती.

रानातली मारायची आणि बरणीतली जपायची?

खोरं आणून दिलं ते मुलीच्या वडिलांनी. ते तिला न्यायला आले होते. मिठाच्या पाण्यानं हाताची बोटं फुटलेली. थोडा वेळ गप्प उभे राहिले, मग हळूच मला म्हणाले, "रात्रभर बादलीनं मारतोय गुरुजी, अन् हिच्यापुढं मान वर करायची चोरी झालीय."

या माणसाला काय सांगणार? मारू नका म्हणणार? दोन एकर सोयाबीनवर घर चालतं त्यांचं. एक शंखी गोगलगाय एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालू शकते. वेचल्या नाहीत तर पीक जातं. आणि हा प्राणी इथला नाहीच. मूळचा पूर्व आफ्रिकेतला. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकानं मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्याच्या एका बागेत सोडल्या, असं नोंदवलेलं आहे. तिथून पसरत पसरत त्या देशभर गेल्या. माणसानं हौसेनं सोडलं आणि पावणेदोनशे वर्षांनी त्याची किंमत शेतकरी देतोय. म्हणून मुलांनो, पाळलेली गोगलगाय नकोशी झाली तरी बाहेर सोडायची नाही, हेही लक्षात ठेवा.

पण यातून 'बापाचं बरोबर, मग मुलीचं रडणं चूक' असं निघत नाही. मला वाटतं दोन्ही एकाच घरात मावतं. रानातल्या गोगलगायी वडील मारतात त्या पोटासाठी, मजेसाठी नाही. बरणीतली तिनं जपली कारण ती तिची होती. शेतकऱ्याच्या घरात हे नवीन नाही. बैलाला पोळ्याला ओवाळणारा हात वर्षभर त्याच्याकडून कष्टही करून घेतोच. मुलांना हा ताण दिसतो. तो लपवण्यापेक्षा त्याच्यावर बोलावं.

मी एवढंच म्हणालो, "तिच्यापुढं मान खाली घालू नका. का मारावं लागतं ते तिला सांगा."

मग तिनं आजीबद्दल विचारलं

खड्ड्यावर माती लोटताना ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, आज्जीला बी असंच केलं का?"

तिची आजी २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही. घरात पोरांना आधी 'आजी बरी होतीय' आणि मग एकदम 'देवाघरी गेली' एवढंच सांगितलं होतं. तिचं अंत्यदर्शन कुणालाच मिळालं नव्हतं. त्यानंतर चौदा महिने या पोरीनं घरात आजीचं नाव काढलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, लहान आहे, विसरली.

वडील खाली बसले. म्हणाले, "आज्जीला अग्नी दिला, बाळा. मलाबी जवळ जाऊ दिलं नाही. लांबून हात जोडले." आणि ते रडले. मुलीसमोर पहिल्यांदाच, असं मला त्यांनी नंतर सांगितलं.

मित्रांनो, मी मानसशास्त्राचा तज्ज्ञ नाही. वीस वर्षं वर्गात उभा राहिलोय, तेवढ्यावरून सांगतो. मोठं दुःख मुलं थेट बोलत नाहीत. ते एखाद्या छोट्या दुःखाच्या आडून बाहेर येतं. पेन हरवलं, चिमणी मेली, गोगलगाय मेली. आपण त्या छोट्या दुःखाला हसलो तर मागचं मोठं दुःख परत आत जातं. मी पहिल्या दिवशी हसलो होतो. दुसऱ्या दिवशी सावरलं नसतं, तर तो प्रश्न आणखी किती वर्षं आत राहिला असता कोण जाणे.

काही जण म्हणतील, सर, असं हळवं करून ठेवलं तर पोरं जगात टिकणार कशी? मला उलटं वाटतं. ज्याला रडू दिलं नाही ते पोर घट्ट होत नाही, नुसतं गप्प होतं. ही मुलगी पुढच्या आठवड्यात नेहमीसारखी खेळायला लागली. वडील रानात जातच राहिले. ती बादली धरायला मात्र गेली नाही, आणि त्यांनीही आग्रह केला नाही.

शेवटी, त्या वहीबद्दल

मी वही मागून घेतली आणि माझा शेरा खोडला. शेजारी लिहिलं, 'माझी चूक झाली. तुझा प्राणी गोगलगायच. निबंध पूर्ण कर.'

दोन दिवसांनी वही परत आली. तिनं नवीन काही फारसं लिहिलं नव्हतं. जुन्याच ओळींत पेन्सिलनं एकेक शब्द बदलला होता. 'नाव गोगी आहे' चं 'होते'. 'बरणीत राहते' चं 'राहायची'. 'काकडी आवडते' चं 'आवडायची'. 'काळ बदला' हा प्रश्न मी चौथीला दरवर्षी देतो. पहिली ओळ तेवढी तिनं बदलली नव्हती. 'माझा आवडता प्राणी गोगलगाय आहे.'

मी ती तशीच राहू दिली आणि पाचपैकी पाच गुण दिले.

तुमच्याही वर्गात हा निबंध पुढच्या महिन्यात येईल. एखादं पोर मुंगी लिहील, पाल लिहील, गांडूळ लिहील. लाल पेन उचलण्याआधी त्याला एकदा विचारा, "तो आता कुठं असतो?"